शिखर गाठले, ओझे उतरले, पुढे काय?

ऑगस्टा येथे १३ एप्रिल २०२५ रोजी शेवटचा चेंडू होलमध्ये गेला आणि रॉरी मॅकिलरॉय गुडघ्यांवर कोसळून रडू लागला. मास्टर्स जिंकून उत्तर आयर्लंडच्या या गोल्फपटूने कारकिर्दीतील ग्रँडस्लॅम पूर्ण केले होते. चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा तो केवळ सहावा पुरुष खेळाडू. मात्र त्या अश्रूंत आनंद फारसा नव्हता, होती ती सुटकेची भावना, अशी कबुली त्याने नंतर स्वतःच दिली.

या कबुलीतच यशाच्या दडपणाचे मर्म आहे. मॅकिलरॉय श्रीमंत घरातला नव्हे. मुलाच्या खेळासाठी वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या, आईने कारखान्यात रात्रपाळी केली. २०११ च्या मास्टर्समध्ये चार फटक्यांची आघाडी असताना अखेरच्या फेरीत त्याला ८० फटके लागले. त्यानंतर दोनच महिन्यांत त्याने अमेरिकन ओपन आठ फटक्यांनी जिंकली. २०१४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंचविशीत, चार प्रमुख विजेतेपदे त्याच्या नावावर होती. उरली होती ती फक्त मास्टर्स.

पुढील दहा वर्षे दर एप्रिलमध्ये त्याला तोच प्रश्न विचारला गेला. इतर स्पर्धा तो जिंकत राहिला, पण चर्चा झाली ती न जिंकलेल्या स्पर्धेची. २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये अखेरच्या टप्प्यात दोन अगदी जवळचे फटके हुकले आणि जेतेपद एका फटक्याने निसटले. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, मदतीला सहकारी नसतो. फेरी चालते तासन् तास. प्रत्यक्ष फटका मात्र काही सेकंदांचा. उरलेला सारा वेळ खेळाडू स्वतःच्या मनाशी झुंजत असतो.

ओझे उतरल्यावर मात्र वेगळीच पोकळी निर्माण झाली. जूनमधील कॅनडियन ओपनमध्ये मॅकिलरॉय दोन फेऱ्यांतच बाद झाला. एवढे मोठे ध्येय साध्य झाल्यानंतर पुन्हा सरावाला जुंपून घेण्याची प्रेरणा मिळणे कठीण जात असल्याचे त्याने सांगितले. जागतिक क्रमवारीत तेव्हा अव्वल असलेल्या स्कॉटी शेफलरनेही जुलैमध्ये ब्रिटिश ओपनपूर्वी असाच सूर लावला होता. विजयाचा आनंद काही मिनिटेच टिकतो, त्यातून जीवनाची सार्थकता लाभत नाही, असे तो म्हणाला आणि त्याच आठवड्यात ती स्पर्धा जिंकला. मेक्सिकोच्या लोरेना ओचोआने तर २०१० मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी, अव्वल स्थानावर असतानाच निवृत्ती पत्करून कुटुंबाला प्राधान्य दिले होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मॅकिलरॉयने आयरिश प्रेक्षकांसमोर आयरिश ओपन जिंकली. या विजयावर ग्रँडस्लॅमचे ओझे नव्हते; आपल्या माणसांसमोर खेळण्याचे समाधान मात्र होते. पराभव कसा पचवावा, हे खेळाडूंना लहानपणापासून शिकवले जाते. यशानंतरच्या दिवसांची तयारीही त्यांच्याकडून करून घ्यावी लागेल, हाच त्याच्या या वर्षाचा धडा आहे.