उचलीचा हिशेब

मृग सरतो, कणगी तळाला लागते, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आणि खताचे पोते एकदमच दारात उभे राहते. याच दिवसांत बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, पाटोद्याच्या वाड्या-वस्त्यांवर ऊसतोडीसाठी मजूर गोळा करणारा मुकादम फिरू लागतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. त्या कोयत्याच्या नावावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम मिळते आणि दिवाळीच्या सुमारास फडावर हजर राहण्याचा शब्द द्यावा लागतो. मग पुढचे पाच-सहा महिने तोडलेल्या उसाच्या टनाटनातून ती उचल फिटत राहते. नाहीच फिटली, तर बाकी पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते.

या मजुरांना उद्याची काळजीच नाही, असे शहरात सर्रास बोलले जाते. ते खोटे आहे.

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोडणीआधी हात तंग असताना आणि तोडणीनंतर पैसा हाती आल्यावर, त्याच शेतकऱ्यांना त्याच प्रकारची कोडी घातली होती. तोडणीनंतर त्यांना ती ठळकपणे चांगली सुटली. माणूस तोच, डोके तेच. चणचण मात्र पुढचा विचार करायची ताकदच शोषून घेते. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची ही स्थिती असेल, तर मजुराची काय असेल!

उचलीची खरी किंमत बाईचे शरीर मोजते. पहाटेच्या अंधारात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. पाळीत पोट दुखले तरी थांबायचे नाही, कारण खाडा झाला की दंड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीडचे आकडे आले: पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणे अनेक होती, खाड्याची धास्ती त्यांतले एक. हंगाम वाचवायला यांतल्या काही बायकांनी पुढची सगळी वर्षे गहाण टाकली.

ऊसतोड कामगारांसाठी आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरलेले आहे. त्या पैशातून बिनव्याजी उचल द्या. बाईच्या स्वतःच्या खात्यावर, मुकादम दारात येण्याआधी.