गाडी गेली, पण दुसरी किल्ली कुठे आहे?

मागच्या डिसेंबरमध्ये आम्ही लॅन्सडाउनला निघणार होतो. पहाटे पाचला. मामीने पराठे करून डब्यात भरले होते, भावंडं स्वेटर घालून सोफ्यावरच पेंगत होती आणि मामा बॅगा घेऊन खाली गेला. पाच मिनिटांनी तो बॅगांसकट परत वर आला आणि मामीला म्हणाला, "गाडी तू कुठे हलवलीस का?"

मामीला गाडी चालवता येत नाही. त्याला तेही आठवलं नाही, यावरून त्याची अवस्था ओळखा.

मयूर विहारमध्ये आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. तिथे स्कूटर आणि सायकली, म्हणून कार गेटबाहेर, भिंतीला लागून. तिच्या जागी फुटलेल्या काचेचा चुरा तेवढा पडला होता.

तुम्ही दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद यापैकी कुठेही राहत असाल तर असा एक तरी किस्सा तुमच्या ओळखीत असणारच. इथे चोर माणूस बघत नाहीत. ऑक्टोबर 2017 मध्ये खुद्द मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांची ती प्रसिद्ध निळी वॅगन-आर दिल्ली सचिवालयाजवळून चोरीला गेली होती. दोन दिवसांनी ती गाझियाबादला सापडली. आमची काही सापडली नाही.

पुढचं सगळं मी शिकले ते त्या एका महिन्यात, त्यामुळे आजचा लेख थोडा रागातच लिहितेय.

आधी चोरी होते कशी ते बघू. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांची किल्ली एका कमजोर सिग्नलने गाडीला ओळख देते. तुम्ही ती दाराजवळच्या खुंटीवर टांगता. एक चोर दारापाशी यंत्र धरून तो सिग्नल पकडतो, दुसऱ्याच्या हातातलं यंत्र तो गाडीपर्यंत पोचवतो. गाडीला वाटतं मालक आला. दुसरी पद्धत आमच्या बाबतीतली असावी, असं पोलीस म्हणाले: काच फोडायची, स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो (सर्व्हिस सेंटरवाले गाडी तपासायला वायर लावतात ती जागा), त्याला यंत्र जोडून नवी किल्लीच बनवून घ्यायची. काही मिनिटांचं काम.

यावर उपाय साधे आहेत. किल्ली धातूच्या डब्यात ठेवा. पण नुसता विश्वास ठेवू नका, डबा बंद करून गाडीजवळ जा आणि दार उघडतं का बघा. सैल झाकणाच्या डब्यातून सिग्नल बाहेर येतो. ओबीडी पोर्टला कुलूप मिळतं, ते बसवा. आणि स्टिअरिंगवर आडवा लावायचा तो जाडजूड लोखंडी लॉक घ्या. तो कापता येत नाही असं नाही, पण वेळ लागतो, आवाज होतो आणि काचेतून लांबूनच दिसतो. चोराला शेजारची गाडी सोपी वाटते. (शेजाऱ्यांची माफी मागून लिहितेय.)

परदेशात कारच्या मागे कॅरॅव्हॅन जोडून फिरणारी कुटुंबंही हेच करतात: जोडणीच्या कडीला कुलूप, चाकाला भडक पिवळा क्लॅम्प. आपल्याकडे हल्ली हिमाचल-उत्तराखंडला जायला कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतात. घेणार असाल तर देणाऱ्याला तीन गोष्टी आधी विचारा. विमा सर्वसमावेशक आहे का, जीपीएस ट्रॅकर चालू आहे का, आणि चोरी झाली तर भाडेकरूवर किती रक्कम येते. उत्तर करारात लिहून घ्या. फोनवरचं "टेन्शन मत लो" पुढे कुणी ऐकत नाही.

प्रवासातली एक गोष्ट मात्र आईवडिलांनी नीट वाचावी. जून 2024 मध्ये दिल्लीच्या लक्ष्मीनगर भागात एक जोडपं मिठाई घ्यायला गाडीतून उतरलं. दोन्ही मुलं आतच होती. एक माणूस गाडीत शिरला आणि मुलांसकट गाडी घेऊन पळाला. पोलिसांनी रात्री काही तास पाठलाग केला, मुलं सुखरूप मिळाली. "एसी चालू राहू दे, दोन मिनिटांत येते," हे मीसुद्धा म्हटलंय. आता म्हणत नाही. गाडी बंद, किल्ली हातात आणि मूल कडेवर. उन्हाळ्यात चिडचिड होते, होऊ दे. तसंच सिग्नलला कुणी काच ठोठावून "तेल गळतंय" म्हणालं तर काच खाली करू नका. एक जण बोलत असतो, दुसरा पलीकडच्या दारातून बॅग उचलतो. दिल्लीत त्यांना ठक-ठक गँगच म्हणतात.

आता चोरी झालीच तर. आधी 112 ला फोन. गाडी दिल्लीतून गेली असेल तर दिल्ली पोलिसांच्या वेबसाइटवर घरबसल्या ई-एफआयआर करता येते. उत्तर प्रदेशात यूपीकॉप अॅप आहे. एनसीआर म्हणजे नुसती दिल्ली नाही, त्यामुळे "ही हद्द आमची नाही" हे ऐकायची तयारी ठेवा. पण नव्या फौजदारी कायद्यानुसार, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, हद्द कुठलीही असो, पोलीस ठाण्याला झिरो एफआयआर नोंदवावी लागते. शांतपणे तेवढं सांगा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पोलिसांत लगेच तक्रार केली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितलंय, पण तुम्ही कशाला कोर्टापर्यंत जाता! फास्टॅगचे मेसेजही तपासा. चोराने तो काढला नसेल तर कुठला टोल ओलांडला ते कळतं.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक असेल तरी मिळते ती आयडीव्ही, म्हणजे वयानुसार घटलेली किंमत. तीन ते चार वर्षांच्या गाडीत साधारण 40 टक्के वजा होतात. मामाची गाडी तेवढीच जुनी होती आणि कर्जाचे हप्ते अजून बाकी होते. नवी गाडी असेल तर "रिटर्न टू इन्व्हॉइस" जोडून घ्यायचा विचार जरूर करा.

आणि मग आमचा खरा गोंधळ. विमा कंपनीने दोन्ही किल्ल्या मागितल्या. हे जवळपास सगळेच मागतात. एक किल्ली गाडीतच विसरली नव्हती ना, हे त्यांना बघायचं असतं. मामाची किल्ली होती. दुसरी मिळेना. चार दिवस मामीने कपाटं उपसली, देवघराचा खण पाहिला. मामा काही बोलत नव्हता, फक्त रात्री जेवताना एकदा म्हणाला, "किल्ली नाही मिळाली तर साडेतीन वर्षं फुकट गेली गं."

चौथ्या रात्री मला आठवलं. उन्हाळ्यात मी गाडी शिकत होते. दुसरी किल्ली माझ्या जुन्या ऑफिसबॅगेत होती, पलंगाखाली, संपलेल्या मेट्रो कार्डाशेजारी. ती मामाच्या हातात देताना मला रडू आलं. तो म्हणाला, "जा, आधी चहा ठेव."

पैसे मिळायला बरेच महिने गेले. गाडी सापडत नाही असा पोलिसांचा अहवाल यावा लागतो, आरटीओचे फॉर्म असतात, बँकेचं पत्र लागतं. आता जुनीच घेतलेली गाडी आहे, तिला लाल रंगाचा स्टिअरिंग लॉक आहे आणि किल्ली फ्रीजवरच्या स्टीलच्या डब्यात असते. परवा मामीने त्याच डब्यात बेसनाचे लाडू भरले. सकाळी मामा ऑफिसला निघाला तेव्हा किल्लीला तूप लागलं होतं.