विषवाणिज्य आणि शेतातील मित्र

श्रावकाने जे पंधरा व्यवसाय टाळावेत असे शास्त्रकारांनी सांगितले आहे, त्या कर्मादानांत विषवाणिज्याचा समावेश आहे. आज समाजातील काही कुटुंबे कृषी सेवा केंद्रे चालवितात, तर काहींची उसाची वा डाळिंबाची शेती आहे. फवारणीच्या द्रव्याला व्यवहारात ‘औषध’ म्हणतात. परंतु ते विषच होय. ते नेमके कोणाला मारते, याचा धडा सोलापूर जिल्ह्याने फार पूर्वी नव्हे, चालू शतकाच्या आरंभीच घेतला आहे.

2002 च्या पावसाळ्यात सांगली भागात उसाच्या पानांखाली पांढरा लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता तो सोलापूरसह पश्चिम महाराष्ट्रात पसरला. पाने चिकट होऊन त्यांवर काळी बुरशी चढली. शेतकऱ्यांनी साहजिकच पंप उचलले. पण किडीच्या अंगावर मेणचट लोकर आणि वाढलेल्या उसात शिरणेही कठीण. द्रव्य सर्वत्र पोहोचेना. त्याच पानांवर डिफा पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा कीटक मावा फस्त करीत होते. तीव्र विषाला बळी पडत ते हेच मित्र.

याचे कारण सरळ आहे. मावा नराविना थेट पिल्लांना जन्म देतो. त्याची हानी थोड्याच दिवसांत भरून निघते. मित्रकीटक मुळात संख्येने थोडे. त्यांतील काही फवाऱ्याने, काही विषारी भक्ष्य खाऊन मरतात आणि उरलेल्यांची उपासमार होते. मुद्दलच बुडाले, तर व्याज कोठून येणार? अखेर हेक्टरी डिफाच्या 1000 किंवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडण्याची शिफारस झाली. मित्रकीटक असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेण्यात आली. पुढील काही वर्षांत प्रकोप ओसरला.

कॅलिफोर्नियातील संत्रा-लिंबाच्या बागांनी हाच अनुभव आधी घेतला होता. 1888 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्याने तेथील खवले कीड आटोक्यात ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी सुरू झाली, ढालकिडे मेले आणि कीड परतली.

दुकानदाराने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण माणसाला व सस्तन प्राण्यांना असलेला धोका दर्शवितो. हिरवा त्रिकोण म्हणजे मधमाशीला किंवा ढालकिड्याला अभय नव्हे.

मित्रकीटकही जीवांचा घात करतात, हे खरे. तेव्हा हा मार्ग सर्वथा अहिंसेचा आहे, असे म्हणता येणार नाही. शेतीत उद्योगी हिंसा अटळ आहे. परंतु जी हिंसा निष्फळ आणि अनावश्यक, ती टाळणे श्रावकाच्या हाती आहे. ग्राहक आला की आधी कीड कोणती व किती हे विचारावे, पानामागे मित्रकीटक आहेत का ते पाहण्यास सांगावे, फुलोऱ्यात फवारणी टाळण्याचा सल्ला द्यावा आणि फळीवर ट्रायकोकार्ड व निंबोळी अर्कही ठेवावा. त्या दिवशी एखादा डबा कमी खपेल. पण गरज नसताना विष न विकणाऱ्या दुकानाची पत गावात वाढते आणि व्यापाऱ्याचे खरे भांडवल तेच असते.