फोन ठेवू नका

गेल्या सोमवारी एका कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला आणि स्पीकर चालू करून ठेवला. मराठीसाठी दोन दाबलं. आवाज आला, ‘कृपया ओळीवर राहा.’ शेंगा सोलणाऱ्या आईचे हात थांबले. ‘कुठल्या ओळीवर?’ तिनं विचारलं. तीस वर्षं तिनं दुरेघी वहीत पोरांची अक्षरं ओळीवर आणली आहेत. तिचा प्रश्न अगदी खरा होता. अकरा मिनिटं तेच वाक्य ऐकलं. मूळ तक्रार बाजूलाच राहिली.

मराठीत इंग्रजी शब्द आले म्हणून मी या सदरात कधी गळा काढलेला नाही, हे तुम्ही जाणता. त्या वाक्यात जिची ओळ केली, ती लाइन तर केव्हाच आपली झाली. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि आज मुंबईकर आपला पत्ताच लाइनीवरून सांगतो: आम्ही सेंट्रलचे, ती हार्बरची. मरीन लाइन्समधली लाइन मात्र रुळांची नव्हे. तिथे मरीन बटालियनच्या लष्करी बराकी होत्या, त्यांवरून ते नाव पडलं. पोलीस लाइन त्यातलीच.

खांबावर चढतो तो लाइनमन. मोरी तुंबली की प्लंबर म्हणतो, लाइन चोकप आहे. दहावी झालेल्या मुलीला मावशी विचारते, कुठली लाइन घेणार? पोरगं वाईट लाइनला लागलं म्हणून बाप झुरतो, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर लाइन मारण्याचा अर्थ कुणी कुणाला शिकवत नाही. एवढे अर्थ एका शब्दात, तरी बोलताना कुणाचाही गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो कोशातला पहिला शब्द उचलून चिकटवला की. मराठीनं ही कामं वाटून दिली आहेत. माणसांची रांग, अक्षरांची ओळ, जेवणाऱ्यांची पंगत, उसाची सरी. पेन्सिलीनं मारतो ती रेघ, तळहातावर असते ती रेषा. दारिद्र्याचीही रेषाच असते, रेघ म्हणून बघा, कानाला लगेच खटकतं. हा कान भाषांतर करणाऱ्याला हवाच.

रागारागानं लाइनचं मूळ शोधायला बसले आणि थेट स्वयंपाकघरात पोचले. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस! जवसाच्या खोडापासून निघणारा धागा, तो ताणला की सरळ रेघ, त्यातून लाइन. युरोपात उंच वाढणाऱ्या जवसाचं खोड कुजवून हा धागा काढतात, त्याचंच लिनन. शिंप्याकडचं लाइनिंग, म्हणजे अस्तर, तेही लिननवरूनच. आणि आपला गवंडी वीट रचताना जी लाइनदोरी ताणतो, तिच्यात तर त्या शब्दाचा पहिला अर्थ अजून जिवंत आहे.

आईला हे सांगितलं. तिनं उठून डबा उघडला, मूठभर जवस तळहातावर घेतलं. चपटे, तपकिरी, बोटांतून निसटणारे दाणे. आमच्या वऱ्हाडात जवस म्हणजे चटणी, आणि घाण्याचं तेल. तिनं तवा तापवला. जवस तडतडायला लागलं की दाणे ओट्यावर उडतात, म्हणून एका हातात झाकण धरावं लागतं. तडतड थांबत आली की लगेच उतरवायचं, नाहीतर कडवट होतं. मग लसूण, तिखट, मीठ आणि खलबत्ता. मिक्सरमध्ये त्याचा तेलकट गोळा होतो, म्हणून ती अजून कुटतेच. ज्वारीच्या गरम भाकरीवर ती चटणी, वर कच्चं तेल. त्या दिवशी आम्ही दोघींनी दुसरं काही केलंच नाही.

त्या कंपनीला, आणि असली वाक्यं लिहून घेणाऱ्या सगळ्यांनाच, कळकळीची विनंती आहे. ध्वनिमुद्रण करण्याआधी कुणाही मराठी माणसाला फोन लावा आणि त्याला दाराशी कुणी आलं की तो काय म्हणतो ते ऐका. तो म्हणेल, ‘थांबा हं, फोन ठेवू नका.’ तेवढंच वाक्य घाला.