तहातलं देणं

टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मध्ये निकोलाय रोस्तोव हा घोडदळातला तरुण अधिकारी आपल्या पहिल्या लढाईची हकिकत दोन ओळखीच्या अधिकाऱ्यांना सांगतो. युद्धाच्या आठवणींचं कुठलंही पुस्तक हाती घेण्याआधी ते प्रकरण वाचावं, असं मी आग्रहानं सांगेन. शोनग्राबर्नच्या त्या लढाईत रोस्तोवच्या बाबतीत घडलं होतं ते एवढंच : घोडा कोसळला, तो खाली आपटला, हात दुखावला, फ्रेंच शिपाई अंगावर येताना दिसले तेव्हा पिस्तूल झाडायचं सोडून त्यानं ते त्यांच्याकडे भिरकावलं आणि झुडपांच्या दिशेनं धूम ठोकली. सांगायला बसतो तेव्हा खरं तेच सांगायचं त्याच्या मनात असतं. पण समोरच्या दोघांनी घोडदळाच्या हल्ल्यांची वर्णनं आधी कितीतरी वेळा ऐकलेली असतात. त्यांना बेभान दौड हवी असते, तलवारीचे घाव हवे असतात. बोलता बोलता रोस्तोव नकळत तेच सांगू लागतो. टॉलस्टॉय स्वतः क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला तोफखान्यात अधिकारी होता. लढून परतलेला माणूस काय सांगतो आणि का सांगतो, हे त्यानं जवळून पाहिलेलं होतं.

सेनापती, मंत्री आणि राजदूत यांच्या आठवणी वाचताना मला रोस्तोवपेक्षा त्याचे ते दोन श्रोते जास्त आठवतात. लेखक काय लपवतो याची चर्चा आपण खूप करतो, पण आपल्याला काय ऐकायचं आहे हेही तो ओळखून असतो. युद्ध टळलं किंवा थांबलं, त्याची किंमत म्हणून आपल्या बाजूनं काय दिलं, हे वाचकाला ऐकवत नाही. म्हणून आठवणींच्या पुस्तकांतून सगळ्यात आधी गळतं ते हे देणं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे रॉबर्ट केनेडी यांचं ‘थर्टीन डेज’. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली आणि जग अणुयुद्धाच्या तोंडाशी गेलं, त्या तेरा दिवसांची ही हकिकत. रॉबर्ट केनेडी तेव्हा अमेरिकेचे ॲटर्नी जनरल आणि राष्ट्राध्यक्षांचे धाकटे भाऊ. जून १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली आणि पुस्तक १९६९ साली त्यांच्या पश्चात निघालं. मुत्सद्देगिरी शिकवणाऱ्या वर्गांतून ते आजही वाचलं जातं, आणि वाचावं असंच ते आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्याच वर्षी बार्बरा टकमन यांचं ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ वाचलं होतं. १९१४ साली युरोपातली सरकारं कुणालाच नको असलेल्या युद्धात कशी घसरत गेली, याची ती कहाणी. आपल्या ऑक्टोबरवर कुणाला तसंच पुस्तक लिहावं लागू नये, असं ते भावाला म्हणाल्याची नोंद ‘थर्टीन डेज’मध्ये आहे. इतिहासाच्या एका पुस्तकानं राज्यकर्त्याचा हात आवरला, असं ठामपणे म्हणता येण्यासारखे प्रसंग फार थोडे. हा त्यांतला एक.

पण याच पुस्तकातून एक गोष्ट काढून टाकलेली आहे. २७ ऑक्टोबरला, शनिवारी, अमेरिकेचं यू-२ टेहळणी विमान क्युबावर पाडलं गेलं आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाला. त्या रात्री रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन यांना न्याय खात्यातल्या आपल्या कार्यालयात भेटले. क्षेपणास्त्रं परत न्या, आम्ही क्युबावर आक्रमण करणार नाही, हा सौद्याचा उघड भाग. त्याखाली दुसरा भाग होता. तुर्कस्तानात सोव्हिएत संघाच्या उशाशी ठेवलेली अमेरिकेची पंधरा ज्युपिटर क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत काढली जातील, मात्र याची जाहीर वाच्यता करायची नाही. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांनी माघार जाहीर केली. लगेच मॉस्कोहून तुर्कस्तानबद्दलचं हे ठरलेलं नमूद करणारं एक पत्र आलं. रॉबर्ट केनेडींनी ते ठेवून घ्यायला नकार दिला आणि डोब्रिनिनना परत केलं. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं हलली.

पुस्तकात हा सौदा नाही. अशी देवाणघेवाण शक्य नाही असं आपण डोब्रिनिनना स्पष्ट सांगितलं, आणि ही क्षेपणास्त्रं काढायचं राष्ट्राध्यक्षांच्या मनात आधीपासूनच होतं, एवढंच तिथं येतं. १९८९ साली मॉस्कोत त्या संकटात वावरलेली दोन्ही बाजूंची माणसं एकत्र बसली, तेव्हा पुस्तकाचं संपादन करणारे थिओडोर सोरेन्सन यांनी कबूल केलं की रॉबर्ट केनेडींच्या टिपणांत हा सौद्याचाच भाग असल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते गुपित तेव्हा मोजक्याच लोकांना माहीत असल्यामुळे आपण ते काढून टाकलं, असं ते म्हणाले. पुढे व्हाइट हाउसमधल्या बैठकांच्या ध्वनिफितींची मुद्रित प्रत निघाली. २७ तारखेच्या बैठकीत बहुतेक सल्लागार तुर्कस्तानच्या सौद्याला विरोध करताहेत आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी एकटे पुन्हा पुन्हा त्यांना त्याच्याकडे वळवताहेत, हे त्यात वाचायला मिळतं. रॉबर्ट केनेडी सुरुवातीच्या दिवसांत पुस्तकातल्यापेक्षा बरेच आक्रमक होते, हेही दिसतं. मला ध्वनिफितींतला हा राष्ट्राध्यक्ष केनेडी पुस्तकातल्यापेक्षा मोठा वाटतो. दुसऱ्याच्या अब्रूची सोय पाहत, स्वतःच्या लोकांचा विरोध सोसत तो वाट काढत होता, आणि नेमकं तेच त्याच्या भावाच्या पुस्तकात आलं नाही.

याची झळ एका सज्जन माणसाला लागली. संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हनसन यांनी तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं देण्याचा विचार संकटाच्या पहिल्याच आठवड्यात बोलून दाखवला होता. डिसेंबर १९६२ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात छापून आलं की स्टीव्हनसनना दुसरं म्युनिक हवं होतं. हिटलरपुढे १९३८ साली जी मान तुकवली गेली, तिच्याशी तुलना म्हणजे तेव्हा भेकडपणाचा शिक्काच. प्रत्यक्षात त्यांनी सुचवलेल्यातलंच एक कलम वापरून युद्ध टळलं होतं. स्टीव्हनसन १९६५ साली वारले. त्यांच्या हयातीत हे कुणी जाहीरपणे सांगितलं नाही.

त्याहून मोठं नुकसान जनतेच्या आणि राज्यकर्त्यांच्या समजुतीत झालं. ताठ उभं राहिलं की समोरचा वाकतो, हा क्युबाचा धडा म्हणून शिकला गेला. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनाही तुर्कस्तानच्या सौद्याची माहिती दिली गेली नव्हती. आणि पुढे व्हिएतनामचे निर्णय घ्यायला तेच बसले. व्हिएतनामची कारणं अनेक आहेत. तरीही अर्ध्या हकिकतीवर शिकलेला माणूस त्या खुर्चीत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

याच ऑक्टोबरात आपल्याकडे हिमालयात युद्ध चालू होतं. २० तारखेच्या पहाटे चिनी फौजा नामका चू नदीकाठच्या भारतीय फौजेवर तुटून पडल्या. अमेरिकेचे दिल्लीतले राजदूत जॉन केनेथ गालब्रेथ यांची ‘ॲम्बॅसडर्स जर्नल’ ही दैनंदिनी या दिवसांसाठी वाचण्यासारखी आहे. इथं एक अख्खं युद्ध आपल्या अंगावर येऊन पडलंय आणि क्युबात गुंतलेल्या वॉशिंग्टनकडून मार्गदर्शनाची ओळसुद्धा येत नाही, अशी त्यांची तक्रार तीत उमटते.

आपल्या बाजूची पुस्तकं बहुतेक कैफियती आहेत. लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचं ‘द अनटोल्ड स्टोरी’ १९६७ चं, ब्रिगेडियर जॉन दळवी यांचं ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ चं. दळवी नामका चूवरच्या सातव्या ब्रिगेडचे प्रमुख. २२ ऑक्टोबरला चिन्यांच्या हाती सापडले आणि मे १९६३ मध्ये सुटले. त्यांच्या पानांवर बोचऱ्या थंडीत सुती गणवेशात उभा असलेला शिपाई आहे, त्याच्याजवळच्या मोजक्या गोळ्या आहेत, नदीकाठची ती खोलगट जागा लढायला नालायक आहे हे सांगून थकलेला अधिकारी आहे. कौल त्याच आघाडीचे वरिष्ठ. आजारी पडून १८ ऑक्टोबरला दिल्लीला आले. त्यांच्या पुस्तकात दोष दुसरीकडे जातो. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत, आणि मी हे लपवणार नाही की दळवींवर माझा जास्त विश्वास बसतो, कारण त्यांचा संताप स्वतःपेक्षा त्यांच्या माणसांसाठी आहे. पण त्याआधीच्या वाटाघाटींत कुठे काय देता-घेता आलं असतं, हे यातल्या कुणाकडूनच नीट कळत नाही. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दिल्लीत आले होते, चर्चा झाल्या, त्या फसल्या. त्या खोलीत बसलेल्या कुणी आमचं इतकं चुकलं, त्यांचं इतकं चुकलं, असं मोकळेपणानं लिहिलेलं पुस्तक मला हवं आहे.

ते का लिहिलं जात नाही, याचं उत्तर ताश्कंदला सापडतं. तिथं आपलं देणं पहिल्याच दिवशी सगळ्यांना दिसलं. ६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानशी झालेल्या १० जानेवारी १९६६ च्या करारानं दोन्ही फौजा ५ ऑगस्ट १९६५ च्या जागी परत जाणार होत्या. म्हणजे जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड सोडावी लागणार होती. महावीर त्यागींनी मंत्रिपद सोडलं. सीमेपलीकडे लाहोरातही लोक रस्त्यावर आले. आपल्याला फसवलं, असं त्यांनाही वाटत होतं. सही केल्याच्या रात्रीच पंतप्रधान शास्त्रीजींचं निधन झालं. त्या कराराची बाजू त्यांच्या शब्दांत मांडली जायची राहूनच गेली. तहात दिलं ते उघड दिसलं की लोक कसे वागतात, हे ज्यानं ताश्कंदनंतर पाहिलं, तो आपल्या आठवणींत हात आखडताच घेणार.

ताश्कंदला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून हजर होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून ते दिल्लीला गेले, ६५ चं युद्ध त्यांच्या कारकिर्दीत झालं. त्या युद्धाच्या काळात त्यांनी डायरी लिहिली, आणि त्यांचे सचिव राहिलेले राम प्रधान यांनी ती २००७ साली पुस्तकरूपानं बाहेर आणली. थोडक्यातल्या नोंदी, दिवसाच्या घाईत केलेल्या; समोर श्रोता नसलेल्या. म्हणून त्या मला मोलाच्या वाटतात. यशवंतरावांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ मात्र १९४६ पाशी थांबतं. पुढचे भाग लिहायचे होते, पण नोव्हेंबर १९८४ मध्ये ते गेले. मराठीत इतकं संयमानं आणि इतकं स्वच्छ लिहू शकणारा माणूस ताश्कंदच्या त्या टेबलाशी बसलेला होता, आणि दिल्लीचा खंड आपल्याला मिळाला नाही, याची हळहळ मला ‘कृष्णाकाठ’ मिटताना दर वेळी वाटते.

खासगी पुस्तकं राहिली तर निदान सरकारी कागद तरी वाचायला मिळावेत. ६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली आणि १९६३ साली अहवाल दिला; सरकारनं तो गुप्तच ठेवला. त्याचा मोठा भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारानं परस्पर जगापुढे ठेवला. नामका चूवर लढलेल्यांपैकी जे आज हयात आहेत ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत हा अहवाल सरकारनं स्वतःच्या शिक्क्यानिशी, पूर्ण छापावा.