जहाजावरून उतरल्यानंतरचा दिवस



कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास उठला, की आपल्या मंडळात फिरायला जायच्या गप्पा सुरू होतात. पूर्वी त्या गप्पा पालिताणा, शिखरजी, नाही तर म.सा.च्या दर्शनाच्या असायच्या. त्या अजूनही असतात, पण आता जोडीला मुंबई-गोवा जहाज आलं आहे. आम्ही डिसेंबरअखेर जाऊन आलो तेव्हापासून दौंडच्या मैत्रिणी आणि माझ्या माहेरच्या, म्हणजे शिरूरच्या वहिन्या एकच विचारतात. जैन जेवण मिळतं का? मिळतं. कांदा-लसूण, बटाटा नसलेलं वेगळं मिळतं. बुकिंग करतानाच सांगा, चढल्यावर पुन्हा सांगा. उकळलेलं पाणी मिळतं, पण आपला थर्मास बरोबर असू द्या. रात्री गाणीबजावणी, जुगाराची टेबलं हेही सगळं तिथे आहे. ज्याला नको त्याने डेकवर बसून सामायिक करावं. मी केलं. समुद्रावर अठ्ठेचाळीस मिनिटं शांत बसायला मिळणं हेही कमी नाही. जहाजाबद्दल एवढं पुरे.

मला लिहायचं आहे ते उतरल्यानंतरच्या दिवसाबद्दल. कारण तो दिवस बहुतेक घरं वाया घालवतात, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

जहाज सकाळी मुंबईला लागतं. सामान, रांगा, उतरणं यात किती वेळ जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे शहाणी माणसं दुपारच्या आधीची गाडी घेत नाहीत. आम्हीही रात्रीची सिद्धेश्वर घेतली होती. सोलापूरला जाणारी ही गाडी आम्हा दौंडकरांना सोयीची, पहाटेआधी घरी टेकवते. म्हणजे जवळजवळ सगळा दिवस हातात. या दिवसाचं काय करायचं?

मुलाने जहाजावरच मोबाईलवर यादी केली होती. गेटवे, तिथून लाँचने घारापुरी, परत येऊन राणीची बाग, संध्याकाळी मॉल, मग स्टेशन. शब्द त्याचा एकच, "पैसे वसूल." मी म्हटलं, बाबा रे, चार दिवस पाण्यावर हलत होतो, जमिनीवर पाय टेकले तरी डोकं अजून हलतंय, आणि तू परत तासाभराची लाँच करून वर सव्वाशे पायऱ्या चढायला सांगतोस? घारापुरीची लेणी पाहण्यासारखी आहेत, नाही कोण म्हणतं? पण त्यासाठी वेगळं यावं. (आणि सोमवारी ती बंद असतात, हे यादी करणाऱ्यांच्या कधीच लक्षात नसतं.) सूनबाई काही बोलली नाही. पण धाकट्या नातीला कडेवर घेऊन दिवसभर कोण फिरणार हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी शिरूरच्या बोरा कॉलेजची जुनी बी.कॉम. हिशोब मलाही कळतो. पण प्रत्येक तास वापरला म्हणजे वसूल झाला, हा दुकानदाराचाही हिशोब नाही. दुकानात सुद्धा थोडी जागा रिकामी ठेवतात, नाही तर गिऱ्हाईक उभं कुठे राहणार?

तर आम्ही काय केलं ते सांगते. बॅलार्ड पिअरहून टॅक्सीने सीएसएमटी गाठलं, अगदी जवळ आहे. सामान क्लोक रूममध्ये टाकलं. बॅगांना कुलूप लागतं आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून छोटी कुलपं घरूनच न्या. हात मोकळे झाले आणि घरातली अर्धी कुरकुर तिथेच थांबली. टॅक्सीत ह्यांनी नातवाला एक गंमत सांगितली. १९२८ मध्ये फ्रंटियर मेल सुरू झाली तेव्हा विलायतेच्या बोटीवरून उतरलेली साहेबमंडळी याच बॅलार्ड पिअरवर गाडीत बसायची आणि थेट पेशावरपर्यंत जायची. दौंड जंक्शनच्या माणसाला रेल्वेचं असलं काही ठाऊक असतंच. नातू म्हणाला, "म्हणजे त्यांना मधला दिवस मिळतच नव्हता?" मला त्याचा प्रश्न आवडला.

तिथून ओव्हल मैदान. झाडाखाली चादर अंघरली, खाखरे काढले, आणि समोर राजाबाई टॉवर. मैत्रिणींनो, मुंबईला आपण दहा वेळा जातो, पण हा टॉवर आपल्यातल्या एका बाईच्या नावाचा आहे हे किती जणींना ठाऊक आहे? प्रेमचंद रायचंद हे मूळचे सुरतचे, जैन. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत हे शेअर बाजाराचे राजे झाले. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला दोन लाख ग्रंथालयासाठी आणि दोन लाख मनोऱ्यासाठी दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर कागदाच्या भावाने गेले, आणि तेही बुडाले. पण तेजीत दिलेलं दान तेवढं मंदीत शाबूत राहिलं! १८६९ ला पायाभरणी झाली आणि १८७८ ला मनोरा पुरा झाला, २८० फूट उंच. १८७५ मध्ये शेअर दलालांची जी संस्था झाली, जिला आज आपण बीएसई म्हणतो, तिच्या संस्थापकांतही प्रेमचंद होतेच.

आणि सांगतात ते असं, की राजाबाईंना दिसत नव्हतं. सूर्यास्ताआधी जेवायचा नेम तर पक्का. मनोऱ्याचे टोल ऐकून त्यांना कुणाला न विचारता संध्याकाळच्या जेवणाची वेळ कळायची. मी हे नातवाला सांगत होते, पण माझं लक्ष ह्यांच्याकडे होतं. हे टॉवरकडे बघत होते आणि खाखरा हातातच राहिला होता.

त्याचं कारण आता सांगावं लागेल.

माझ्या मोठ्या नणंदबाई, आमच्या बाईसा, गिरगावात राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. जुनी चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासरे गेल्यावर दौंडचं दुकान आणि गाळा दोन्ही भावांच्या नावावर करायचे होते, त्यासाठी बाईसांचं हक्कसोड पत्र लागत होतं. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, आपल्या जैनांनाही तोच कायदा लागू आहे, हे मला ठाऊक होतं. घरात कुणी बोललं नाही, मीही बोलले नाही. बाईसा सकाळच्या गाडीने दौंडला आल्या. रजिस्टर ऑफिसात रांग, मग सर्व्हर बंद, मग फोटो, अंगठा. सह्या झाल्या तेव्हा दिवस मावळायला आला होता. त्यांनी एका शब्दाने काही मागितलं नाही. ह्यांनी त्यांना परस्पर स्टेशनवर सोडलं, गाडी चुकेल म्हणून. घरी आणलंच नाही. सूर्य मावळला होता, म्हणजे बाईसांनी गाडीत पाणीसुद्धा घेतलं नसणार. सगळं माहेर लिहून देऊन ती बाई उपाशी परत गेली. मी त्या दिवशी घरीच होते. डबा भरून स्टेशनवर पाठवायला मला कुणी अडवलं नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याला बारा-तेरा वर्षं झाली. भांडण असं झालं नाही. येणं-जाणं मात्र थांबलं. संवत्सरीला मोबाईलवर 'मिच्छामि दुक्कडम्' यायचं, आम्ही पाठवायचो. फुलांचं चित्र असलेलं, सगळ्यांना जातं तेच.

तर रात्रीची गाडी मी मुद्दाम घ्यायला लावली होती. "जहाजाला उशीर झाला तर?" असं मी मुलाला म्हटलं. ते खरंच होतं, पण पुरतं खरं नव्हतं. निघायच्या आधी मी बाईसांना फोन केला होता, की आम्ही येऊ, संध्याकाळी. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "किती जण?" एवढंच. ह्यांना मी ते सांगितलं ओव्हल मैदानावर. रागावले. "आधी का सांगितलं नाहीस?" आधी सांगितलं असतं तर गाडी सकाळची घेतली असती, हे त्यांनाही कळत होतं. प्रतिक्रमणात मी त्याची आलोचना केली आहे, तुम्ही त्यावरून मला बोलू नका.

मुलाला आणि मुलांना मधले दोन तास वस्तुसंग्रहालयात पाठवलं, तिथून चालत जाण्यासारखं आहे. तुम्हीही पाठवा, बरोबर जा. पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे श्रवणबेळगोळची बाहुबलींची एक धातूची मूर्ती आहे, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासची. गोमटेश्वर केवढा उंच, आणि ही जेमतेम दीड-पावणेदोन फुटांची. पण पाया-हातांवर चढलेल्या वेली तशाच. आम्ही स्थानकवासी, मूर्तीपूजा करत नाही, पण इतका वेळ कुणी स्थिर उभं राहिलं की अंगावर वेली चढल्या, हे मुलांना बघून जेवढं कळतं तेवढं सांगून कळत नाही. मंदिरमार्गी मैत्रिणींना तर पायधुनीला गोडीजी पार्श्वनाथ आहे, वाळकेश्वरला बाबू अमीचंद पनालाल यांचं आदीश्वरजींचं देरासर आहे. मात्र दोन्ही एका दिवसात नकोत.

आम्ही दोघं तेवढा वेळ मैदानावरच बसलो. हे टोपी डोळ्यांवर घेऊन आडवे झाले. झोपले नव्हते.

साडेतीनला सगळे गिरगावात. तीन जिने चढायला ह्यांच्या गुडघ्याने दहा मिनिटं घेतली. दार उघडंच होतं. बाईसा पाठीत वाकल्या आहेत. त्यांनी आधी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, मग सुनेच्या, मग माझ्या. ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "केस गेले रे तुझे." आणि आत गेल्या.

तुम्हाला वाटेल रडारड झाली असेल, माफी मागितली असेल. तसं काही झालं नाही. हे मोठ्या मुश्किलीने "बाई, त्या दिवशी..." एवढं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "आधी जेव. सहा वाजून गेले की मग बसशील उपाशी." डिसेंबरात मुंबईला सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो. पाचला पानं मांडली. दाल-बाटी केली होती, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकटीने. बाटीवर तूप वाढताना त्यांचा हात थरथरत होता. सूनबाई उठून वाढायला गेली तर बस म्हणाल्या. भावाला शेवटची बाटी स्वतः वाढली. ह्यांनी खाली मान घालून चार बाट्या खाल्ल्या. घरी दोन खातात.

जेवणं झाल्यावर मुलाने विचारलं, "भुआजी, चाळीचं रीडेव्हलपमेंट कुठवर आलं?" मग बिल्डर, भाडं, कागद यांच्या गप्पा झाल्या. मी कागद मागून घेतले आणि वाचले. करारात दोन ठिकाणी तारखाच नाहीत, तिथे सही करू नका असं सांगितलं. या वेळी तरी मी बोलले.

निघताना मुलगा जिन्यात मला म्हणाला, "दिवस गेला की गं सगळा." तक्रार होती का नुसतंच म्हणाला, मला कळलं नाही. त्याला मी काही उत्तर दिलं नाही. घारापुरी पुढच्या वेळी दाखवीन, मंगळवारी.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जहाजाचं बुकिंग करता तेव्हाच या दिवसाचंही ठरवा, आणि त्यात ठिकाणं एक-दोनच ठेवा. मुंबईत ज्यांच्याकडे जायचं राहून गेलं आहे असं एखादं माणूस प्रत्येक घराचं असतं. कुणाची मावशी, कुणाची जुनी शेजारीण, कुणाचे आजारी मास्तर. तुमचं तसं कुणीच नसेल तर ओव्हल मैदानावर झोपा, तेही चांगलं. फक्त संध्याकाळचं जेवण कुठे होणार ते सकाळीच पक्कं करा. स्टेशनवर सव्वापाचला धावाधाव करून मग मुलांवर चिडायचं, हे मी फार घरांत पाहिलं आहे. आमच्या घरात तर नक्कीच.

बाईसांनी निघताना एक स्टीलचा डबा दिला. रात्री आम्ही खाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "नवकारसी झाल्यावर," म्हणाल्या. पहाटे घरी पोचलो, सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटं झाली तेव्हा तो उघडला. मेथीचे थेपले, आणि एका कागदात गूळ.

डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून मी त्यात मुगाच्या डाळीचे लाडू भरले आहेत. येत्या रविवारी हे स्वतः घेऊन जाणार म्हणतात, सकाळच्या गाडीने. मला बरोबर चल म्हणाले नाहीत.