अक्षरांना सोंग कशाला?

रमजान लागला की फ्लेक्सवाल्यांना उसंत नसते. पुणे-नगर रस्त्यावरून राळेगणसिद्धीकडे वळेपर्यंत चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक दिसतात. चंद्रकोर, कंदील, मिनार आणि त्याखाली 'रमजान मुबारक'. पुष्कळदा अक्षरे इंग्रजी, पण अरबी वाटावीत म्हणून वाकवलेली आणि वर-खाली ठिपके शिंपडलेली. इंग्रजी वाचणारा तिथे अडखळतो आणि उर्दू वाचणाऱ्याला त्या ठिपक्यांतून काहीच कळत नाही.

हे सोंग एकट्या रमजानचे नाही. परदेशातल्या भारतीय हॉटेलांच्या पाट्यांवर इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा ओढलेली आढळते. 'समरकान' हा तसाच एक फाँट. पाटी 'भारतीय' दिसावी, एवढाच त्यामागचा हेतू.

पण शिरोरेषा आणि ठिपका ही नक्षी नव्हे. आपल्या देवनागरीत 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांची ओळख शिरोरेषेतल्या फटीवरून पटते. उर्दूत एकाच आकाराखाली एक ठिपका दिला की 'बे', वर दोन दिले की 'ते', तीन दिले की 'से'. ठिपका चुकला की शब्द बदलतो. तो शोभेसाठी उधळायचा नसतो.

त्या ठिपक्यांमागे कष्टही आहेत. उर्दूची नस्तालीक वळणे शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसत. म्हणून कित्येक दशके उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने ही अक्षरे संगणकावर आणली. देवनागरीसाठीही जावजी दादाजींच्या निर्णयसागरपासून 'मंगल' फाँट घडवणाऱ्या र. कृ. जोशींपर्यंत अनेकांनी आयुष्य वेचले.

फलक लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, यात शंका नाही. पण ज्याच्याशी आपण रोज बाजारात, एसटीत, बांधावर मराठीत बोलतो, त्याला सणाच्या दिवशी दूरच्या मुलखातला पाहुणा का करायचे? साध्या, ठसठशीत देवनागरीतला 'रमजान मुबारक' त्याला अधिक जवळचा वाटेल. उर्दू हवी असेल तर जाणकाराकडून खरी उर्दू लिहून घ्यावी आणि इंग्रजी हवी असेल तर ती सरळ इंग्रजीसारखी दिसू द्यावी. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'बालू' हा फाँट देवनागरी, गुजराती, तमिळ, उर्दू अशा अनेक लिप्यांत केला आहे. त्यात प्रत्येक लिपी आपल्याच वळणाची, तरी सगळी भावंडे एका घरातली वाटतात. तो फुकट मिळतो.

सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकाला तर हे आणखी लागू आहे. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात म्हाताऱ्या डोळ्यांना वेळ वाचायची असते. तिथे नक्षीपेक्षा स्पष्ट आकडा मोलाचा.

ईदचे फलक अजून छापायचे आहेत. फ्लेक्सवाल्याला एवढे सांगणे अवघड नाही.